तारकर्लीला दोन दिवस जाताय? मग हे वाचाच

मालवणपासून सहा-सात किलोमीटरवर तारकर्ली. रेल्वेने कुडाळला उतरा, पुढे एसटी किंवा रिक्षा. समुद्रकिनारी खोली घेतलीत तरी पुढे देवबागपर्यंत जाच. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मधे माडांनी भरलेली अरुंद पट्टी, असं गाव कोकणातही विरळाच!

पण माझं खरं प्रेम रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून होणाऱ्या मासेमारीवर. सकाळी लवकर उठून किनाऱ्यावर या. होडी अर्धगोलात जाळं सोडत जाते आणि त्याची दोन टोकं वाळूवरची माणसं दोन रांगांनी ओढत आणतात. जाळं जवळ आलं की पाणी उसळायला लागतं, बांगडे-तारली चमकतात. ओढणाऱ्यांना मासळीत वाटा मिळतो. दोरीला हात लावायचा असेल तर आधी विचारा, लोक आनंदाने जागा देतात.

सिंधुदुर्ग किल्ला चुकवू नका. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतला. चहूकडे खारं पाणी, आत मात्र दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी.

स्कुबा करायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, किल्ल्याच्या होड्याही बंद. प्रवाळाला हात लावू नका, तो जिवंत असतो. आणि जेवण घरगुती खानावळीतच घ्या, ताज्या बांगड्याचं तिखलं मागून!