जाड रेघ, बारीक रेघ



कामगार चळवळीतला माणूस चित्र काढण्याविषयी काय सांगणार, अशी शंका आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे शिकलो ते कारखान्यात, संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. परंतु रेघेच्या जाडीचे महत्त्व मला कोणा कलाशिक्षकाने शिकवले नाही. ते एका आरोपपत्राने शिकवले.

गोष्ट १९९४ सालची. एका कारखान्यातील वयस्क टर्नरवर आरोप आला, की त्याने शाफ्टच्या स्टेपवर रेडियस न ठेवता सरळ काटकोन कापला आणि सबंध लॉट वाया घालवला. त्याला निलंबित केले. बचावाचे काम माझ्याकडे आले. मी विचारले, “मामा, असे कसे झाले?” ते म्हणाले, “अरे बाबा, रेघ जाड म्हणजे कड, एवढेच मला ठाऊक. ड्रॉइंगमध्ये जाड रेघ होती. मी कड काढली.” मला त्यातले काही कळेना. तेव्हा रात्री पेन्सिल घेऊन बसलो आणि ही लिपी मुळापासून गिरवली.

होय, ही लिपीच आहे. तिचा पाया गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने घातला. घन वस्तू सपाट कागदावर अचूक उतरवण्याची त्याची रीत कित्येक वर्षे लष्करी गुपित म्हणून दडवून ठेवली होती. १७९५ साली पॅरिसमध्ये त्याने ती व्याख्याने देऊन उघडपणे शिकवली. एका विद्येची कोठडीतून सुटका व्याख्यानमालेने केली, हे आजच्या सभेत सांगताना मला आनंद वाटतो.

या लिपीत रेघेची जाडी ही शोभा नव्हे. तो अर्थ आहे. वस्तूची जी कड डोळ्यांना दिसते ती जाड, अखंड रेघेने काढतात. आतली, न दिसणारी कड तुटक रेघेने. गोल वस्तूचा मध्य दाखवणारी रेघ बारीक, एक लांब तुकडा आणि एक ठिपका अशी. मापाच्या रेघा आणि छेद दाखवणाऱ्या तिरप्या रेघाही बारीकच. आंतरराष्ट्रीय संकेताप्रमाणे जाड रेघ बारकीच्या दुप्पट असावी. म्हणजे एक ०.५ मिलिमीटर तर दुसरी ०.२५, किंवा एक ०.७ तर दुसरी ०.३५.

आता मामांची अडचण पाहा. शाफ्टची जाडी जिथे बदलते त्या कोपऱ्याला गोलाई दिली, की तिथे खरी कड उरतच नाही. तरी टप्पा कळावा म्हणून एक बारीक रेघ काढतात, आणि ती बाहेरच्या रेघांना टेकू देत नाहीत. हीच रेघ जाड करून टेकवली, तर वाचणारा तिला खरी कड समजणार. लहानशी गोलाई आणि तिचा आकडा अमोनियाच्या प्रिंटमध्ये बुजले होते. शिल्लक राहिली ती एक जाड रेघ.

एवढ्याशा कोपऱ्याचे काय, असे कोणी म्हणेल. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायच्या लोहमार्गावर इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला, अनेक माणसे जळून मेली. आस का मोडतात याचा अभ्यास करून रँकिन या स्कॉटिश अभियंत्याने १८४३ साली आसाच्या खांद्याला गोलाई ठेवण्याचा आग्रह धरला. तीक्ष्ण कोपऱ्यात ताण एकवटतो, फेऱ्यागणिक तिथली चीर वाढते आणि एके दिवशी पोलाद मोडते.

हा हात कसा बसवावा? साधन साधे आहे: बारीक रेघेला टू-एच पेन्सिल, जाडीला एचबी, आणि एक पट्टी. प्रथम एका कागदावर वीस बारीक आणि वीस जाड रेघा ओढा. पेन्सिल ढकलू नये, ओढावी. ओढताना बोटांत किंचित फिरवावी, म्हणजे टोक एका बाजूने झिजत नाही. रेघ आरंभापासून शेवटापर्यंत सारख्याच जाडीची यायला हवी. मग एक नटबोल्ट समोर ठेवा. आधी मध्यरेषा, मग सर्व आकार फिक्या रेघांनी, शेवटी पक्क्या रेघा. पक्के करताना वर्तुळे आणि कमानी आधी, सरळ रेघा नंतर. सरळ रेघ कमानीला जुळवणे सोपे, उलटे अवघड. बोल्टच्या आट्यांची बाहेरची रेघ जाड आणि तळाची बारीक, हे विसरू नये.

घरातला अडकित्ता किंवा नळाची तोटी नुसत्या हाताने काढायची असेल, तर नियम निराळा. तिथे जाडी उजेड सांगते. उजेड डावीकडून वरून येतो असे धरावे. उजवीकडच्या आणि खालच्या कडा ठळक, पृष्ठभागावरच्या खुणा अगदी हलक्या. या दोन रीतींची मात्र एकाच कागदावर सरमिसळ करू नये.

चौकशीत आम्ही मूळ ट्रेसिंग आणि त्यावरून केलेले नवे ट्रेसिंग शेजारी शेजारी ठेवले. मूळात ती रेघ बारीक होती, नव्यात सगळ्या रेघा सारख्या. आरोप मागे घेतला गेला. निलंबनाच्या काळातले निम्मे वेतन मात्र बुडाले ते बुडालेच. पुढे नवे ट्रेसिंग करणाऱ्या मुलावर बोट रोखले गेले. त्याला विचारले, तर त्याला एकच पेन दिलेले होते! आम्ही मागणी केली ती त्याच्या शिक्षेची नव्हे, दुसऱ्या पेनची. आणि ती मान्य झाली.

आज ड्रॉइंग संगणकावर होते. परंतु छापताना जाडी नेमून दिली नाही तर तिथेही सगळ्या रेघा एकसारख्याच उमटतात. यंत्र बदलले, वाचणारा माणूसच राहिला. म्हणून माझी विनंती एवढीच, की घरी गेल्यावर एक बोल्ट समोर ठेवा आणि दोन जाडीच्या रेघांनी तो काढा. कारखान्यातला माणूस दिवसभर काय वाचतो, हे तुम्हाला अर्ध्या तासात कळेल.