पोरगा तापाने पडला, तर पगाराचं काय?

वसई-विरारकडच्या कितीतरी शेतकरी घरांत आता दोन मिळकती आहेत. आईबाप वाडी सांभाळतात. केळी, भाजी, मोगरा पहाटेच्या गाडीने दादरला जातो. आणि थोरला नाही तर धाकटा वालीव, सातिवली नाहीतर गोखिवऱ्याच्या एखाद्या कारखान्यात मशीनवर उभा असतो. वाडीचं उत्पन्न कधी हसवतं, कधी रडवतं. पोराचा पगार मात्र ठरल्या तारखेला येतो, म्हणून किराणा, नातवंडांची फी, सोसायटीचा हप्ता सारं त्याच्यावर बेतलेलं असतं.

समजा, ऐन आषाढात हा पोरगा तापाने पडला. डॉक्टर म्हणाले, टायफॉइड आहे, सोळा दिवस घरी. औषधाचं आपण बघतो, काढा-पेज करतो. पण या सोळा दिवसांचा पगार कोण देणार, हा प्रश्न घरात कुणी मोठ्याने विचारत नाही. मग नवव्या दिवशीच पोरगा डबा घेऊन निघतो. आई दारात उभी राहून म्हणते, ‘अजून अंगात कसकस आहे रे.’ तो ऐकत नाही, कारण हिशेब त्यालाही कळतो.

त्या हिशेबाचाच एक भाग पुष्कळ घरांना ठाऊक नसतो. पगाराच्या चिठ्ठीवर ‘ई.एस.आय.’ अशी एक कपात असते. हीच कामगार विमा योजना. तिचा कायदा १९४८ सालचा, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली इथे योजना सुरू झाली. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती सामाजिक सुरक्षा संहितेत गेली आहे. दहा किंवा अधिक माणसं असलेला कारखाना आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल, तर कामगार तिच्यात येतो. पगारातून शेकडा पाऊण रुपया कापतात आणि मालक स्वतःचे शेकडा सव्वातीन रुपये भरतो.

आकडे मांडून पाहू. पगार १५,००० धरा. पोराचे कापतात सुमारे ११३ रुपये, मालक भरतो सुमारे ४८८. दिवसाचा पगार पडला ५००. आजारपणात भत्ता मिळतो त्याच्या शेकडा ७०, म्हणजे रोजचे ३५०, वर्षाकाठी जास्तीत जास्त ९१ दिवस. पहिल्या दोन दिवसांचे सहसा काही मिळत नाही. सोळातले दोन गेले, उरले चौदा. चौदा गुणिले ३५० म्हणजे ४,९०० रुपये. बुडालेला पगार ८,०००. भत्ता घेतला तर तूट ३,१०० ची, नाही घेतला तर पुऱ्या आठ हजारांची. वर्षभराची कपात तेराशे-साडेतेराशेच्या घरात. आता सांगा, नवव्या दिवशी कामावर धावण्यात कोणती कमाई?

तुम्ही म्हणाल, पूर्ण पगार का देत नाहीत, आणि ते दोन दिवस का खातात? यातही हिशेब आहे. घरी बसून शंभर टक्के मिळू लागले, तर डोकं दुखलं तरी माणूस पांघरूण ओढील, अशी भीती विमा काढणाऱ्याला नेहमीच असते. जर्मनीत १८८३ साली बिस्मार्कच्या काळात कामगारांच्या आजारपणाचा विमा निघाला, तेव्हाही पहिल्या तीन दिवसांचे देत नसत आणि पुढे निम्मा पगार देत. आज त्याच देशात पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो. आजारी माणूस कामावर आला की काम बिघडतं, बाजूच्याला ताप लागतो, प्रेसखाली बोट जातं. हे नुकसान हजेरीपटावर दिसत नाही, एवढंच.

आता एक गोष्ट आपल्या बाजूचीही बोलली पाहिजे. लावणी आली की कारखान्यांत ‘आजारी’ माणसं वाढतात! मुंबईच्या गिरण्या जोरात होत्या तेव्हाही कोकणातला माणूस मे महिन्यात नि गणपतीला गावी जाई, आणि गिरण्यांनी त्यासाठी बदली कामगारांची रांगच दाराशी ठेवली होती. बदलीवाल्याला काम मिळालं तर मजुरी, नाहीतर हात हलवत घरी. वालीवच्या बारा माणसांच्या गाळ्यात अशी रांग नसते. एक लेथवाला आला नाही की लेथ बंद, नाहीतर दुसऱ्याला दुप्पट दराने जादा वेळ थांबवायचं. मालक मग खऱ्या आजाऱ्याकडेही संशयाने बघतो. लावणीसाठी हक्काची पगारी रजा आहे. कायद्याने दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस साठतो. तो लावणीला ठेवा आणि महिनाभर आधी सांगा. खोट्या दाखल्याने शेजारच्या पोराचा खरा दाखला स्वस्त होतो.

आणखी काही बारकावे आहेत. नवीन लागलेल्याला आजारपणाचा भत्ता पहिले सुमारे नऊ महिने मिळत नाही, दवाखाना मात्र पहिल्या दिवसापासून. पुढेही सहा महिन्यांच्या हप्त्यात निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. वारंवार दांड्या मारणारा इथेच अडकतो. कामावर अपघात झाला तर ही अट नाही, आणि भत्ता शेकडा ९० मिळतो. क्षयासारख्या लांब आजारात दोन वर्षं नोकरी झालेल्याला शेकडा ८० प्रमाणे दोन वर्षांपर्यंतही मिळू शकतो. दाखला सहसा विमा दवाखान्याच्या डॉक्टरचाच लागतो, म्हणून गावच्या डॉक्टरकडे पंधरा दिवस काढून मग धावू नका. पोरावर अवलंबून असलेल्या आईबापांनाही, उत्पन्नाच्या अटीत बसत असतील तर, त्याच्या विम्यावर औषधपाणी मिळतं.

पोरगा ठेकेदाराकडे असेल तर जास्त जागरूक राहा. चिठ्ठीवर कपात दिसते, पण पैसा भरला जातो का? विमा क्रमांक मागून घ्या आणि वर्गणी जमा दिसते का ते पाहा. ठेकेदाराने भरली नाही तर जबाबदारी मूळ कारखानदारावर येते, हे त्याच्या तोंडावर सांगायला कचरू नका.

राहता राहिला वाडीतला बाप. तो तापाने पडला तर त्याचे पहिले दोन दिवसच काय, सारेच दिवस जातात. केळीचा घड पिकायचा थांबत नाही, मोगऱ्याची कळी उमलून जाते. शेतकऱ्याला आणि शेतमजुराला आजारपणाचा पगार देणारी अशी योजना नाही. शेजाऱ्याची सावड हाच आपला विमा. म्हणून पोराला सोळा दिवस घरी निजू द्या. त्याचे रोजचे ३५० येतील. तुम्ही दोघं एकदम पडलात, तर वाडीला पाणी सोडायलाही कुणी उरणार नाही.