मोटारीची जन्मखूण

१९७० साली अमेरिकेतील प्लिमथ कंपनीच्या 'हेमी कुडा' या मोटारी रस्त्यावर आल्या. 'हेमी' म्हणजे अर्धगोल. या इंजिनाच्या ज्वलनकक्षाचे छत अर्धगोलाकार असते. इंजिनाची क्षमता सुमारे ७ लिटर आणि शक्ती ४२५ अश्वशक्ती! त्यांतल्या उघड्या टपाच्या गाड्या त्या वर्षी वीसहूनही कमी बनल्या. आज संग्राहक त्यांसाठी प्रचंड किंमत मोजतात. त्यामुळे त्याच घाटाच्या साध्या गाडीत हेमी इंजिन बसवून फसवणूकही होते.

मग अस्सल गाडी कशी ओळखाल? समोरच्या काचेखाली क्रमांकाची पट्टी असते. तिच्यावरील १३ अक्षर-अंकांपैकी पाचवे चिन्ह इंजिनाचे. ते 'आर' असेल, तरच गाडी हेमी इंजिनासह कारखान्यातून निघाली. पण पट्टी बदलता येते! म्हणून तज्ज्ञ इंजिनावर व गिअरबॉक्सवर ठोकलेले अनुक्रमांक तिच्याशी ताडून पाहतात. इंजिनाच्या ओतीव ठोकळ्यावर तारीखही असते. ती गाडी जुळवल्यानंतरची निघाली, तर इंजिन मागाहून बसवले हे उघड आहे.

एक खूण खोटी करणे सोपे, पण परस्परांशी जुळणाऱ्या अनेक खुणा खोट्या करणे फार अवघड. विज्ञानातही पुरावा असाच पारखतात, नाही का?