एअर-कूल्ड इंजिनाचं पत्र्याचं कव्हर काढताय? थांबा, आधी हे वाचा!

पेरणी असो की मळणी, ऐन कामात इंजिन गरम होतं आणि कोणीतरी सल्ला देतं, "पत्रा काढून टाक, मोकळी हवा लागू दे." ऐकायला बरोबर वाटतं, पण याच सल्ल्यामुळं इंजिन जाम होऊ शकतं. ते कसं, पाहूया.

हवेनं इंजिन थंड कसं होतं?

आयशर 242 सारखा ट्रॅक्टर किंवा विहिरीवरचं एअर-कूल्ड डिझेल इंजिन यात रेडिएटर नसतो. सिलिंडर आणि हेडवर पातळ पात्यांच्या रांगा असतात, त्यांना फिन म्हणतात. पंखा हवा ढकलतो, ती फिनांमधून जाते आणि उष्णता घेऊन बाहेर पडते.

मात्र हवेची ताकद कमी. तेवढ्याच जागेतलं पाणी हवेच्या साधारण साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. म्हणून भरपूर हवा, जोरात आणि नेमकी फिनांमधूनच जावी लागते. पत्र्याचं कव्हर म्हणजे त्या हवेचा पाट. पाट फुटला तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसंच इथं होतं. पत्रा काढला की हवा सोप्या वाटेनं निसटते, सिलिंडरची मागची बाजू कोरडीच राहते आणि तापते.

हिटर काढलेल्या गाडीचा धडा

जुनी फोक्सवॅगन बीटल गाडी याच तत्त्वावर चालायची. 2003 पर्यंत मेक्सिकोत ती बनत होती. तिच्या पुढच्या काळातल्या मॉडेलांत पंख्याची थोडी हवा दोन नळ्यांनी सायलेन्सरच्या पाइपाभोवती जाऊन तापायची आणि गाडीत यायची. हाच तिचा हिटर. गरम भागात लोक हिटर काढून टाकतात. पण नळ्यांची ती दोन भोकं उघडी राहिली, तर इंजिनाची हवा तिथूनच चोरीला जाते. म्हणून जाणकार मेकॅनिक हिटर काढला की आधी दोन्ही भोकं पक्की बंद करतो.

आपल्या इंजिनालाही हाच नियम: वापरात नसलेलं प्रत्येक भोक बंद पाहिजे.

एवढं नक्की करा

- कव्हरचे सगळे बोल्ट जागेवर आहेत का पाहा. पत्रा फाटला असेल तर दुरुस्त करून घ्या.
- मळणीनंतर पंख्याच्या तोंडाचा भुसा काढा. इंजिन बंद आणि गार झाल्यावरच हात घाला.
- फिनांवर ऑइल गळून धूळ बसली की जाड थर होतो. आधी गळती थांबवा, मग थर काढा.
- पंखा बेल्टवर असेल तर बेल्ट ढिला किंवा चिरलेला नको.
- ऑइल रोज तपासा. या इंजिनात बरीच उष्णता ऑइलच बाहेर नेतं.

इंजिन तापलंच तर?

ताकद कमी होणं, जळक्या ऑइलचा वास, ठोक्याचा आवाज ही धोक्याची खूण. लोड लगेच काढा. दोन-तीन मिनिटं हळू चालू ठेवा म्हणजे पंखा फिरत राहील, मग बंद करा. ठोका येत असेल किंवा पंखाच बंद पडला असेल, तर मात्र ताबडतोब बंद करा. तापलेल्या हेडवर पाणी कधीच ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

पत्रा बसवायला दहा मिनिटं लागतात. जाम झालेलं इंजिन मात्र हंगामभर गॅरेजात पडून राहतं.