अकाउंटंटचा पगार कोण देणार?

सामाजिक संस्थांच्या नेतृत्वावरचं लिखाण वाचायला घेतलं की व्हिजन, प्रेरणा, टीम-बिल्डिंग हेच जास्त सापडतं. पण संस्थेच्या कार्यकारी संचालकाची झोप उडवणारा प्रश्न बराच साधा असतो. मुलांच्या वह्यांसाठी पैसे देणारे भेटतात; ऑफिसचं भाडं, ऑडिट आणि अकाउंटंटचा पगार यासाठी कोण देणार?

अॅन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड यांनी २००९ मध्ये या प्रकाराला संस्थांच्या 'उपासमारीचं चक्र' म्हटलं. देणगीदारांना प्रशासकीय खर्च कमीत कमी हवा असतो, म्हणून संचालक तो खरोखरच कापतात किंवा कागदावर कमी दाखवतात. ते आकडे बघून देणगीदाराची अपेक्षा आणखी खाली जाते, आणि संस्था आतून पोखरत जाते.

आता एक प्रयोग बघू. उरी ग्नीझी, एलिझाबेथ कीनन आणि आयलेट ग्नीझी यांचा हा पेपर २०१४ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. अमेरिकेतल्या ४०,००० संभाव्य देणगीदारांना पत्रं गेली, १०,०००चे चार गट करून. एका गटाला नुसतं आवाहन. दुसऱ्याला सांगितलं, एका मोठ्या देणगीदाराने आधीच २०,००० डॉलर दिलेत. तिसऱ्याला, तुम्ही द्याल तेवढीच भर तो घालेल. चौथ्याला, त्याच पैशातून प्रशासकीय खर्च भागलाय, तुमचा प्रत्येक डॉलर थेट कामाला जाईल.

पहिल्या गटात ३.३६ टक्के लोकांनी पैसे दिले, चौथ्यात ८.५५ टक्के. मधले दोन्ही गट ५ टक्क्यांच्या खालीच राहिले. एकूण रक्कम ८,०४० डॉलरवरून २३,१२० वर गेली. इथे थांबून भागाकार करा (पेपर वाचताना ही सवय लावून घ्याच): माणशी साधारण २४ डॉलर आणि २७ डॉलर. म्हणजे माणसं फार उदार झाली नाहीत. देणारी माणसं वाढली.

पण मला यात एक गोष्ट खटकते. ओव्हरहेडबद्दलची नावड इथे गेली नाही, तिला फक्त वळसा घातला. खर्च कोणीतरी भरलाच. शिवाय सगळ्याच संस्था 'तुमचे १०० टक्के पैसे मुलांना' म्हणू लागल्या, तर बाकीचा खर्च म्हणजे उधळपट्टी, हा समज आणखी पक्का होईल. एका पत्राच्या प्रयोगात तो परिणाम दिसणारच नाही. तुमच्यापैकी कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या.

आपल्याकडे कायदाही मध्ये येतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगीतला प्रशासकीय खर्च ५० ऐवजी २० टक्क्यांतच बसवावा लागतो. शाळेतल्या शिक्षकाचा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार त्यात धरत नाहीत, हिशेब ठेवण्याचा खर्च मात्र धरतात. त्यामुळे कुठला खर्च कुठल्या खात्यात जातो हे संचालकाला स्वतःला कळायला हवं, सीएवर सोडून भागत नाही.

संचालकांना सल्ला द्यायचाच तर एवढाच देईन: छोट्या देणगीदारांना कामाबद्दल सांगा, भाड्याची आणि पगाराची गोष्ट मात्र ज्याला ताळेबंद वाचता येतो अशा एका मोठ्या देणगीदारासमोर मांडा, तीही खऱ्या आकड्यांसकट.