ग्रास कटरची गळती आणि गेलेले मिस्त्री

यंदा गणपतीच्या तोंडावर बागा बेणायला लोकांनी ग्रास कटर बाहेर काढले आणि संगमेश्वर परिसरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच तक्रार ऐकू आली: मशीन गळतंय. कुणाची पेट्रोलची नळी फुगून मऊ पडलेली, कुणाचा प्रायमरचा फुगा चिरलेला, कुणाच्या कार्बोरेटरखाली रात्रभर टपकून पडवीत डाग पडलेला. दुकानात नेलं की उत्तर ठरलेलं, ‘दुरुस्तीपेक्षा नवीन परवडेल.’ हे उत्तर जिथे कधीच मिळालं नसतं, ते बाजारातलं जुनं गॅरेज आता बंद आहे. मिस्त्री थकले, मुलांनी मुंबई-पुणं धरलं, शटर खाली आलं. मशीन गळणं आणि मिस्त्री जाणं या माझ्या मते एकाच कहाणीच्या दोन बाजू आहेत.

या मशीनमधल्या टू-स्ट्रोक इंजिनाचा जुना इतिहास थोडक्यात आटोपतो. ड्युगाल्ड क्लार्क या स्कॉटिश इंजिनिअरने १८८१ साली टू-स्ट्रोक इंजिनाचं पेटंट घेतलं. पुढे जोसेफ डे या इंग्रज माणसाने पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच खेळवायची युक्ती काढली. तिथे साचवलेलं ऑइल ठेवता येत नाही, म्हणून ते पेट्रोलमध्येच मिसळायचं. १९७१ मध्ये ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलसने फिरत्या नायलॉन दोरीने गवत कापून दाखवलं. आपल्याकडे मात्र हे इंजिन घराघरांत पोचलं ते दुचाकीतून: १९७२ ची लुना, नंतर आरएक्स १०० आणि मासळीच्या टोपल्या घेऊन गावोगाव हिंडणारी एम-८०. पेट्रोल किती नि टू-टी ऑइल किती, हे तेव्हा शाळकरी पोरालाही तोंडपाठ होतं. २००० नंतर प्रदूषणाचे नियम कडक झाले, टू-स्ट्रोक गाड्या हळूहळू रस्त्यावरून गेल्या आणि ती जाणही त्यांच्याबरोबर ओसरली.

ती ओसरत असतानाच टू-स्ट्रोक इंजिन मागच्या दाराने पुन्हा गावात आलं. मला खरं बोलायचंय ते या, २०१० नंतरच्या दशकाबद्दल.

बेणायला माणूस मिळेना, अशी ती वर्षं. तरणी मुलं चाकरीला गेलेली, घरी उरलेल्यांच्या कमरेत वाकून कोयता चालवायचं बळ नाही, आणि पाऊस सरता सरता आंबा-काजूच्या कलमांत गवत छातीला लागलेलं. ग्रास कटर आला तो देवासारखा. २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरणाचं उपअभियान सुरू झालं, अनुदान मिळू लागलं, प्रदर्शनांतून मशीन विकली जाऊ लागली. हे चांगलंच झालं. पण विकणाऱ्यांनी तेव्हा जे केलं ते मी विसरणार नाही. चालू करून दाखवायचं, फोटो काढायचा, मशीन हातात द्यायचं आणि तंबू गुंडाळायचा. एका मशीनला लिटरमागे ४० मिली ऑइल लागतं, दुसऱ्याला २०, हे कुणी समजावून सांगितलं नाही. पुस्तिका इंग्रजीत. सुटे भाग मागितले तर ‘मागवावे लागतील’, आणि ते यायचे हंगाम सरल्यावर.

त्या पोकळीत गैरसमज माजले. सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ऑइल जास्त घातलं की इंजिन जास्त टिकतं. मग सायलेन्सरच्या तोंडातून काळं, चिकट तेल ओघळायचं आणि मालक म्हणायचा, ऑइल लीक झालं! ती गळती नव्हेच. ते न जळलेलं ऑइल. मिश्रण जाड, एअर फिल्टर चोंदलेला, सायलेन्सरची जाळी काजळीने बुजलेली, किंवा मशीन तासन्‌तास मंद गतीवर घरघरत ठेवलेलं. जाळी खरवडली, फिल्टर धुतला, प्रमाण मापाने घेतलं की ओघळ थांबतो. एवढ्यासाठी किती इंजिनं नाहक खोलली गेली!

बंद पडलेल्या त्या गॅरेजातल्या मिस्त्रींकडे गळकं मशीन आलं की ते आधी पाना उचलत नसत. ब्रशने आणि पेट्रोलच्या फडक्याने सगळं अंग पुसून काढायचे, वाळू द्यायचे आणि वरून अंगाला लावायची पावडर भुरभुरवायचे. मग पाच मिनिटं मशीन चालवून उजेडात धरायचे. पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ जिथून सुरू झाली, दोष तिथे. नळ्या टाकीतून बाहेर येतात त्या रबरी बुचापाशी रेघ असली तर बूच कडक झालेलं. कार्बोरेटरखाली असली तर नीडलखाली कचरा अडकलेला किंवा पडदा ताठर झालेला. टाकी भरून मशीन उन्हात ठेवलं असेल तर आधी झाकण सैल करून बघायचे, कारण आत साठलेला दाब पेट्रोल नीडलपलीकडे ढकलतो. पात्याकडच्या गिअरमधून ग्रीस येत असेल तर एक तर ते ठासून भरलेलं, नाही तर दांड्याला दोरी-गवत गुंडाळून सील कापलेलं.

क्लचच्या मागे ओल दिसली की मात्र ते गंभीर व्हायचे. ती क्रँकच्या सीलची खूण. तिथून तेल बाहेर येतं तशी हवाही आत जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन आपोआप चढ्या आवाजात पळतं, प्लग पांढरा पडतो आणि एक दिवस पिस्टन जाम होतो. मालकाला वाटतं, मशीन काय जोरात चालतंय! ‘हा जोर नाही, हा ताप आहे,’ असं सांगून ते मशीन ठेवून घ्यायचे. सील बदलल्याशिवाय परत देत नसत, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

आता त्यात पेट्रोलमधल्या इथेनॉलची भर पडली. २००३ मध्ये काही राज्यांत पाच टक्के इथेनॉलने सुरुवात झाली, २०२२ मध्ये दहा टक्के गाठले आणि २०२५ मध्ये वीस. आंबा घाटापलीकडच्या ऊसवाल्याला त्यातून चार पैसे मिळत असतील तर मला आनंदच आहे. पण अनेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिका दहा टक्क्यांपुढे इथेनॉल नको म्हणतात. जुन्या रबराला ते मानवत नाही: नळ्या फुगतात, पडदे ताठरतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. कोकणातल्या पावसाळी हवेत, अर्ध्या भरलेल्या कॅनमध्ये किंवा टाकीत पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसू शकतं, त्या थरात टू-टी ऑइल विरघळत नाही आणि टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते. इंजिन ऑइलविना चालतं. गाडीवाल्यांची ओरड निदान बातम्यांत तरी आली. कटरवाल्याची दखल कुणी घेतली?

याचा फटका मातीलाही बसतो. गळक्या मशीनला कंटाळलेले लोक तणनाशकाकडे वळले. ग्लायफोसेट फवारायची मुभा केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये परवानाधारक कीडनियंत्रकांपुरतीच ठेवली, तरी अनेकांना फवारा सोपा वाटतो. कापलेलं गवत कलमांच्या बुंध्याशी कुजून खत होतं. फवाऱ्याने जाळलेल्या तणाखालची उघडी माती मात्र आमच्या उतारांवरून पहिल्याच मोठ्या पावसात शास्त्री नदीला मिळते.

मालकांना माझं सांगणं आहे: मिश्रण मापूनच करा, लागेल तेवढंच करा, आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत मशीन चालवा. सरकारकडे आणि विक्रेत्यांकडे मात्र मागणी आहे. अनुदानातल्या प्रत्येक मशीनबरोबर वीस टक्के इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या, पडदे आणि सील यांचा एक संच द्यायला विक्रेत्याला बांधून घ्या. मराठीत छापलेला एक कागद द्या. आयटीआयमध्ये छोट्या इंजिनांचा वर्ग पावसाळ्याआधी भरवा आणि तिथे शिकवायला थकलेल्या, पण अजून हयात असलेल्या मिस्त्रींना सन्मानाने, मानधन देऊन बोलवा. त्यांच्या हातातलं ज्ञान कुठल्याही पुस्तिकेत छापलेलं नाही, आणि ते शिकून घ्यायला आपल्या हाती फार हंगाम उरलेले नाहीत.