यंत्रनिर्मित लेखन व त्याची स्वाभाविकता

संगणकावरील भाषिक प्रतिमानाने रचलेला मजकूर म्हणजे यंत्रनिर्मित लेखन. असा मजकूर मनुष्याने लिहिल्याप्रमाणे सहज वाटावा म्हणून त्यावर जे संस्कार करण्यात येतात, त्यांस ‘मानवीकरण’ म्हटले जाते. हे संस्कार दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात केवळ शब्द व वाक्यरचना बदलून मजकुराचे बाह्यरूप पालटतात. दुसऱ्या प्रकारात मजकुराचा आशय, त्याचा वाचक आणि त्याची जबाबदारी घेणारा लेखक निश्चित करून तो नव्याने लिहिला जातो. पहिल्याने यंत्राच्या खुणा झाकल्या जातात. लेखनास स्वाभाविकता येते ती दुसऱ्याने.

इतिहास : रशियन गणितज्ञ आंद्रेय मार्कोव्ह (१८५६–१९२२) यांनी १९१३ मध्ये पुश्किनच्या येव्गेनी ओनेगिन या पद्यकादंबरीतील २०,००० अक्षरे तपासून स्वर व व्यंजने एकमेकांमागून कोणत्या प्रमाणात येतात, हे दाखविले. एका घटकावरून पुढील घटकाची संभाव्यता काढण्याची ही कल्पना क्लॉड शॅनन (१९१६–२००१) यांनी १९४८ मध्ये आपल्या संदेशवहनाच्या गणिती सिद्धांतात वापरली. शब्दांच्या वारंवारतेवरून त्यांनी जुळविलेल्या इंग्रजी ओळी भाषेच्या वळणाच्या होत्या. परंतु त्यांतून अर्थ निघत नव्हता. १९५२ मध्ये क्रिस्टोफर स्ट्रेची (१९१६–७५) यांनी मँचेस्टर येथील संगणकाकडून प्रेमपत्रे लिहवून घेतली. ठराविक साच्यांत विशेषणे व नामे यदृच्छया भरून ती तयार होत. जोसेफ वाइझेनबाउम (१९२३–२००८) यांची ‘एलायझा’ ही आज्ञावली (१९६६) वापरणाऱ्याचेच शब्द प्रश्नरूपाने त्याला परत करी. तरीही यंत्राला आपले मन कळते, असे काहींना वाटू लागले. लेखन मानवी वाटण्यात वाचकाच्या कल्पनेचाही वाटा असतो, हे यावरून दिसून आले.

२०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी ‘ट्रान्सफॉर्मर’ ही संगणकीय रचना मांडली. तीवर आधारलेल्या ‘जीपीटी–३’ या प्रतिमानात (२०२०) १७५ अब्ज प्राचल होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ सर्वांना उपलब्ध झाल्यावर यंत्रनिर्मित लेखन शाळा, कार्यालये व वृत्तपत्रे यांत पसरले.

कृत्रिमतेची कारणे : भाषिक प्रतिमान प्रचंड मजकुरातून शब्दखंडांचे परस्परसंबंध शिकते आणि प्रत्येक पायरीवर पुढील खंडाची संभाव्यता काढते. दर वेळी सर्वांत संभाव्य खंडच निवडत गेल्यास मजकूर नीरस होतो व त्याच त्या वाक्यांत अडकतो. मनुष्याच्या लेखनात मात्र अपेक्षित व अनपेक्षित शब्द सतत मिसळलेले असतात. म्हणून निवडीत काही प्रमाणात यदृच्छता आणतात. तिचे मान ‘तापमान’ या नावाच्या प्राचलाने ठरते. तापमान वाढविले की वैचित्र्य वाढते, पण असंबद्धताही वाढते. कोणता शब्द अनपेक्षित असूनही अचूक आहे, हे या मानावरून ठरत नाही.

दुसरे कारण प्रशिक्षणाच्या उत्तरार्धात असते. मनुष्य-परीक्षकांनी पसंत केलेल्या उत्तरांकडे प्रतिमान वळविले जाते. त्यामुळे उत्तरे उपयुक्त व सभ्य होतात, पण सर्वांना चालेल असा एकच मध्यम सूरही त्यांना लागतो. प्रत्येक मुद्द्यास समतोल पुस्ती, तीनतीनांच्या याद्या, सारख्या लांबीचे परिच्छेद आणि अखेरीस पुन्हा तोच सारांश ही त्याची ठळक लक्षणे होत. तिसरे कारण आशयाचे आहे. लेखकापाशी सांगण्यासारखे नेमके काही नसल्यास यंत्र ती पोकळी सर्वसामान्य विधानांनी भरते. ‘आजच्या वेगवान युगात जलव्यवस्थापन महत्त्वाची भूमिका बजावते’ या वाक्यात व्याकरणाची चूक नाही; पण ते कोणत्याही गावाविषयी, कोणीही, कोणालाही सांगू शकेल. ‘शिवारात पाणी अडवले नाही, तर उन्हाळ्याआधीच विहिरी तळ गाठतात’ हे वाक्य जाणत्या माणसाचे वाटते. येथील फरक शैलीचा कमी आणि माहितीचा अधिक आहे.

ओळख व तीतील धोके : यंत्रनिर्मित लेखनाच्या खुणा मोठ्या संग्रहात स्पष्ट दिसतात. २०१० ते २०२४ या काळातील सुमारे दीड कोटी जीववैद्यकीय शोधनिबंधांच्या गोषवाऱ्यांची पाहणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘डेल्व्ह’ (खोलात शिरणे) यासारख्या काही इंग्रजी शब्दांच्या एकाएकी झालेल्या वाढीवरून २०२४ मधील किमान १३·५ टक्के गोषवाऱ्यांवर भाषिक प्रतिमानांचा हात फिरला असावा, असा अंदाज तीत केला आहे. परंतु संग्रहाविषयी काढलेला असा अंदाज एकट्या लेखाला लावता येत नाही. ‘चॅटजीपीटी’ तयार करणाऱ्या ओपनएआय या संस्थेनेच काढलेले ओळख-साधन अचूकता कमी असल्याने जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी सात साधनांची चाचणी घेतली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी यंत्राचे ठरविले. मर्यादित शब्दसंग्रह व साधी वाक्ये हीच त्यांना यंत्राची खूण वाटली. परभाषेत कष्टाने लिहिणाऱ्या विद्यार्थ्यावर अशा निर्णयाने अप्रामाणिकपणाचा ठपका येऊ शकतो.

खुणा लपविण्यासाठीही साधने निघाली आहेत. ती बहुधा पर्यायी शब्द घालतात, वाक्ये तोडतात अथवा जोडतात, प्रसंगी मुद्दाम चुकाही पेरतात. पण पर्यायी शब्द क्वचितच पूर्णपणे समानार्थी असतो. जमिनीच्या कागदपत्रात ‘ताबा’ या शब्दाच्या जागी ‘मालकी’ हा शब्द आला, तर वाक्य सहज वाचले जाईल. अर्थ मात्र बदलेल. शिवाय सहजतेचा सत्याशी संबंध नसतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथील फेडरल न्यायालयात सादर झालेल्या एका निवेदनात यंत्राने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे आढळले. त्यांची भाषा न्यायालयीन वळणाचीच होती. संबंधित वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला.

मराठीतील स्वरूप : २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही भारतातील सु. ८·३ कोटी लोकांची मातृभाषा आहे. तथापि प्रतिमानांना मिळणाऱ्या मजकुरात इंग्रजीच्या तुलनेने तिचा वाटा अत्यल्प असतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह प्रचलित संकेतप्रणालीत तीन बाइट व्यापते. त्यामुळे सुरुवातीच्या अनेक प्रतिमानांत मराठी शब्दाचे इंग्रजीपेक्षा कितीतरी अधिक तुकडे पडत. परिणामी यंत्राच्या मराठीत इंग्रजी रचनेची छाया पडते. ‘तिला दोन भाऊ आहेत’ ऐवजी ‘तिच्याकडे दोन भाऊ आहेत’, कर्त्याला उगाच जोडलेले ‘द्वारे’, नामामागे अकारण आलेले ‘एक’ ही त्याची उदाहरणे होत. इंग्रजीत ऐकणाऱ्यासाठी एकच सर्वनाम पुरते. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ व ‘आपण’ यांतून निवड करताना नाते ठरवावे लागते. ‘आम्ही’ म्हटले तर ऐकणारा वगळला जातो, ‘आपण’ म्हटले तर तो सामील होतो. ‘मी गेलो’ की ‘मी गेले’ यात बोलणाराच प्रकट होतो. कोण कोणाशी बोलत आहे हे आधी न ठरविता मराठी वाक्य पुरे होत नाही आणि यंत्राला दिलेल्या सूचनेत नेमके हेच बहुधा सांगितलेले नसते.

सुधारणेची पद्धती : यंत्राकडे जाण्यापूर्वीच लेखकाने विषयातील तथ्ये, वाचक आणि आपले म्हणणे निश्चित करणे इष्ट असते. तयार मजकुरातून प्रथम कोणालाही लागू पडतील अशी विधाने काढून टाकतात. नंतर नावे, आकडे व दाखले मुळाशी ताडून पाहतात. मग उरलेल्या आशयास स्थळ, काळ व कारण यांची नेमकी जोड देतात. शब्दांचा क्रम, वाक्यांची लांबी व बोलीतील शब्द यांचा विचार त्यानंतरचा. मजकूर मोठ्याने वाचल्यास जीभ अडखळते त्या जागी रचना परकी आहे, हे लवकर ध्यानात येते. मुद्दाम घातलेल्या चुका, ओढून आणलेल्या म्हणी व खोटे अनुभव यांमुळे मात्र लेखन मानवी होत नाही. न घडलेला प्रसंग स्वतःचा म्हणून सांगणे ही वाचकाची फसवणूकच होय.

या रीतीने संस्कार केलेल्या लेखनात यंत्राचा वाटा लपविण्याची गरज सहसा उरत नाही. वाचकाला लेखनात माणूस हवा असतो, तो केवळ ओळखीच्या सुरासाठी नव्हे. वाक्य चुकीचे ठरल्यास ते कोणाला विचारावे, हे त्याला ठाऊक असावे लागते. यंत्राला हे उत्तरदायित्व घेता येत नाही. लेखनाखाली ज्याचे नाव येते, त्याने प्रत्येक विधान स्वतः पटवून घेतले असेल, तरच ते लेखन त्याचे ठरते.